फ्लॅश मारून पंखांचा फराटा: पक्षी छायाचित्रणातल्या मोशन ब्लरविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंद शटरने उडत्या पंखांचा फराटा (मोशन ब्लर) उमटवायचा आणि फ्लॅशने पक्षी धारदार ठेवायचा, असं हे तंत्र. पुढची बरीचशी उदाहरणं हिवाळ्यात गेटवे ते मांडवा बोटीमागे लागणाऱ्या कुरव (सीगल) पक्ष्यांची आहेत. कारण साधं आहे. हे पक्षी चार-पाच मीटरवर येतात, आकाराने बेताचे मोठे असतात आणि माणसांना बुजत नाहीत. हे तंत्र शिकायला यापेक्षा सोयीचा पक्षी मुंबईच्या आसपास सहसा मिळत नाही.

फ्लॅश तर हालचाल थिजवतो. मग त्याच्यामुळे ब्लर कसा येईल?

ब्लर फ्लॅशमुळे येत नाही, मंद शटरमुळे येतो. फ्लॅशचं काम त्या धूसरपणात एक धारदार क्षण ठेवून देण्याचं. शटर समजा १/३० सेकंद उघडं आहे. तेवढ्या वेळात आसपासच्या उजेडात पंख खाली-वर होतो आणि त्याचा फराटा उमटतो. त्याच वेळात कधीतरी फ्लॅशचा झोत पडतो आणि हजारांश सेकंदात विझतो. त्या झोतात पक्षी जसा असेल तसा, डोळ्यासकट आणि पिसांसकट, फराट्यावर उमटतो.

म्हणजे एकाच फ्रेममध्ये दोन एक्स्पोजर असतात, एक नैसर्गिक उजेडाचं आणि एक फ्लॅशचं. पहिल्यावर शटर स्पीड, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) या तिघांचा ताबा असतो. दुसऱ्यावर अ‍ॅपर्चर, आयएसओ, फ्लॅशची ताकद आणि पक्ष्याचं अंतर यांचा. शटर स्पीड फ्लॅशच्या एक्स्पोजरमध्ये ढवळाढवळ करत नाही, आणि या तंत्राची किल्ली तीच आहे. शटर १/३० चा १/१५ केला तर पार्श्वभूमी एक स्टॉप, म्हणजे दुपटीने, उजळेल आणि फराटा लांबेल, फ्लॅशने उजळलेला पक्षी मात्र होता तेवढाच राहील.

नुसतं पॅनिंग (पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवणं) केलं तर चालत नाही का?

चालतं, आणि जमलं तर फारच छान दिसतं. पण १/३० किंवा १/१५ ला डोळा धारदार मिळणं हे हात, वारा आणि नशीब या तिघांवर असतं. फ्लॅशमुळे डोळा आणि चोच शाबूत राहण्याची शक्यता पुष्कळ वाढते. उलट बाजू अशी की नुसत्या पॅनिंगमध्ये जो मऊपणा येतो तो फ्लॅशच्या फोटोत येत नाही. बगळ्यांचा थवा संध्याकाळी परतत असेल तर माझं मत विचाराल तर फ्लॅश बंदच ठेवा. तिथे एकाही पक्ष्याचा डोळा दिसायची गरज नसते.

शटर स्पीड किती ठेवायचा?

पक्षी सेकंदाला किती वेळा पंख मारतो यावर ते ठरतं. कुरव साधारण तीनदा मारतो. म्हणजे १/३० सेकंदात एका फटकाऱ्याचा जेमतेम दहावा भाग होतो आणि पंखाचं टोक दहाएक सेंटिमीटर सरकतं. फराटा दिसतो, पंखाचा आकारही कळतो. १/८ ला फटकाऱ्याचा तिसऱ्या भागाहून अधिक हिस्सा फ्रेममध्ये येतो आणि पंखाच्या जागी पंख्यासारखा धूर उरतो. चिमणी किंवा शिंजिराचे पंख याच्या कितीतरी पट जलद चालतात. त्यांना १/१२५ लाही भरपूर ब्लर मिळतो. घार तरंगत असेल तर १/८ लाही पंखात काहीच दिसणार नाही, फक्त तुमचा हात हललेला दिसेल.

सुरुवातीला कोणती सेटिंग लावू?

मॅन्युअल मोड, आयएसओ २००, लेन्सचं भोक एफ ८, शटर १/३०, फ्लॅश मॅन्युअलवर १/४ ताकदीला, फ्लॅशचा झूम २०० मिलिमीटरवर. हे आकडे सूर्य मावळून दहा-पंधरा मिनिटं झाल्यावर, पाच मीटरवरच्या कुरवासाठी आणि २०० मिलिमीटरला ६० गाइड नंबर (फ्लॅश किती लांब पोहोचतो ते सांगणारा आकडा) असलेल्या फ्लॅशसाठी आहेत. फ्लॅश लहान असेल तर ताकद वाढवा.

पण आकडे पाठ करण्यापेक्षा क्रम लक्षात ठेवा. आधी फ्लॅश बंद ठेवून समुद्राचा एक फोटो काढा. तो कॅमेऱ्याच्या लाइट मीटरच्या मानाने एक ते दीड स्टॉप काळसर आला पाहिजे. कमी काळा आला तर फराटा फ्लॅशच्या प्रतिमेवर चढतो, फार काळा आला तर फराटाच दिसत नाही. पार्श्वभूमी मनासारखी झाली की मग फ्लॅश सुरू करून फक्त त्याची ताकद कमी-जास्त करा. कुरव पांढरा असतो, त्यामुळे हिस्टोग्रामची (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाची) उजवी कड सतत बघत राहा. पोटाची पांढरी पिसं एकदा जळाली की रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमधूनही) परत येत नाहीत. उजेड दर काही मिनिटांनी उतरत असतो, तेव्हा पार्श्वभूमीचा कोरा फोटो मधूनमधून पुन्हा काढावा लागतो.

रिअर कर्टन सिंक लावायलाच हवा ना?

सगळीकडे हेच सांगितलेलं असतं. थोडा विचार करून लावा. नेहमीच्या पद्धतीत फ्लॅश शटर उघडताक्षणी पेटतो. रिअर कर्टनमध्ये, ज्याला कॅनन सेकंड कर्टन म्हणतं, तो शटर बंद होण्याच्या जरा आधी पेटतो. त्यामुळे आडव्या जाणाऱ्या वस्तूचा फराटा तिच्या मागे राहतो, पुढे येत नाही. रस्त्यावरच्या मोटारीला हे फार महत्त्वाचं. फ्रेममधून आडव्या जाणाऱ्या कबुतरालाही महत्त्वाचं, पण तेव्हाच जेव्हा कॅमेरा स्थिर असतो.

बोटीवर परिस्थिती वेगळी असते. कुरव बोटीच्या जोडीने, जवळपास तिच्याच वेगाने उडत असतो, त्यामुळे तुमच्या दृष्टीने तो हवेत जागीच टांगलेला असतो. पुढे जाण्याचा फराटा उमटतच नाही, उमटतो तो पंखांचा खाली-वर होण्याचा. त्याला पुढचं-मागचं असं काही नसतं. पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवत असाल तेव्हाही हेच लागू होतं.

रिअर कर्टनची एक किंमतही आहे. तुम्ही बटण दाबता तेव्हा पंख वर असतो, फ्लॅश पेटेपर्यंत तो कुठे असेल सांगता येत नाही. १/६० ला हा फरक किरकोळ, १/८ ला पूर्ण पवित्राच बदललेला. पंख वर उचललेला क्षणच हवा असेल तर नेहमीचा फ्रंट कर्टन जास्त भरवशाचा. मी बोटीवर तोच ठेवते आणि थव्यातून आडव्या घुसणाऱ्या पक्ष्यांसाठी रिअर लावते.

माझ्या फोटोत पंखांच्या आरपार आकाश दिसतं, पक्षी भुतासारखा वाटतो. काय चुकतंय?

पार्श्वभूमी. सर्वांत जास्त फोटो इथेच वाया जातात आणि लोक दोष फ्लॅशला देतात.

पंखाचं टोक १/३० सेकंदातला काही भागच एका जागी असतं. उरलेला वेळ त्या जागेवर मागचं आकाश उमटत असतं. आकाश उजळ असेल तर ते फ्लॅशने टिपलेल्या पंखावर स्वतःचा उजेड ओतत राहतं, आणि पंख विरघळल्यासारखा दिसतो. फ्लॅशची ताकद वाढवून हे सुटत नाही, पोट मात्र जळतं. मागची बाजू गडद असेल तर त्या उरलेल्या वेळात सेन्सरवर फारसं काही पडत नाही आणि पंख भरीव राहतो. फराटासुद्धा गडद पार्श्वभूमीवरच उठून दिसतो, कारण तो पक्ष्याच्या उजळ अंगाचा असतो. उजळ आकाशासमोर पक्षीच काळपट, त्यामुळे फराटाही राखाडी आणि मळकट.

म्हणून बोटीवर वरच्या मजल्यावर जा आणि क्षितिजाच्या खाली उडणारे पक्षी टिपा, म्हणजे मागे गडद पाणी येईल. खाडीकाठी कांदळवनाची भिंत मागे घ्या, घाटात सावलीतला कडा. पांढरा किंवा फिकट पक्षी आणि काळसर पार्श्वभूमी ही जोडी जमली की निम्मं काम झालं. कावळा, घार, पाणकावळा यांच्यावर हे तंत्र रुसतं. काळ्या पक्ष्याचा फराटा दिसायला मागे उजेड लागतो, आणि उजेड आला की वरचा घोळ सुरू होतो.

भर उन्हात जमेल का?

जवळपास नाही. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० आणि एफ १६ ला शटर १/१०० च्या आसपास येतो. १/३० हवा असेल तर अ‍ॅपर्चर एफ ३२ च्या दिशेने न्यावं लागेल. तिथे लेन्सची धार उतरते आणि सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण दिसतो. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावला तर तो उन्हाबरोबर फ्लॅशचा उजेडही तेवढाच कापतो, म्हणजे दोहोंचं प्रमाण होतं तिथेच राहतं. ढगाळ दिवस, दाट सावली किंवा सूर्योदयाआधीची आणि सूर्यास्तानंतरची वेळ धरा.

हाय-स्पीड सिंक वापरू का?

नको. त्यात फ्लॅश एका झटक्यात न पेटता पूर्ण एक्स्पोजरभर झपाट्याने लुकलुकत राहतो, म्हणजे तो अखंड दिव्यासारखाच वागतो. इथे शटर सिंक स्पीडच्या (फ्लॅश एका झटक्यात पेटून चालतो अशा सर्वांत जलद शटरच्या) बराच खाली असतो, त्यामुळे त्याची गरजही पडत नाही.

टीटीएल की मॅन्युअल?

टीटीएलमध्ये फ्लॅशची ताकद कॅमेरा ठरवतो, मॅन्युअलमध्ये तुम्ही. अंतर बदलत नसेल तर मॅन्युअल. पक्षी तीन मीटरवरून आठ मीटरवर आणि परत असा ये-जा करत असेल तर टीटीएल, फ्लॅश कॉम्पेन्सेशन उणे २/३ ते उणे १. गडद समुद्रापुढे लहानसा पांढरा पक्षी बघून टीटीएल हमखास जास्त उजेड फेकतो, म्हणून हे उणे.

टीटीएलमध्ये एक बारकावा आहे. मुख्य झोताआधी एक बारीक प्री-फ्लॅश पडतो. एरवी तो वेगळा जाणवत नाही. पण रिअर कर्टन आणि १/४ सेकंदासारखा फार मंद शटर असेल तर प्री-फ्लॅश सुरुवातीला आणि मुख्य झोत शेवटी, अशी दोघांत चांगलीच फट पडते. तेवढ्यात पक्षी दचकून वळलेला असू शकतो. अशा वेळी मॅन्युअल बरा.

फ्लॅश किती लांबपर्यंत पोहोचतो?

गाइड नंबरला अ‍ॅपर्चरने भागा. ६० गाइड नंबर, एफ ८, आयएसओ १००: साडेसात मीटर. आयएसओ ४०० केला की पंधरा. हे पूर्ण ताकदीचं गणित आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, म्हणजे दोन स्टॉप जातात. ऐरोलीच्या बोटीतून दिसणाऱ्या दूरच्या रोहितांवर (फ्लेमिंगोंवर) फ्लॅश मारण्यात काहीच अर्थ नाही.

पोच वाढवायला फ्लॅशपुढे लावायचं फ्रेस्नेल भिंग मिळतं. टेलिफोटो लेन्सबरोबर ते साधारण दोन स्टॉप मिळवून देतं. मात्र उन्हात ते लावलेला कॅमेरा खांद्यावर टाकून फिरू नका. सूर्याचे किरण त्याच भिंगातून फ्लॅशच्या तोंडावर एकवटतात आणि प्लास्टिक वितळतं.

ताकद जितकी जास्त, तितका झोत लांबतो, हेही ध्यानात ठेवा. पूर्ण ताकदीला तो साधारण हजारांश सेकंद किंवा त्याहून लांब असतो, १/१२८ ताकदीला १/२०,००० सेकंदाच्याही खाली जाऊ शकतो. कुरवाच्या बाबतीत हजारांश पुरतो, पंखाचं टोक तेवढ्यात काही मिलिमीटरच सरकतं. शिंजिराच्या पंखाला तो पुरणार नाही. त्यासाठी कमी ताकद आणि जवळचं अंतर, किंवा दोन-तीन फ्लॅश. शिवाय पूर्ण ताकदीला पुन्हा भरायला दोन-तीन सेकंद जातात, तोवर पक्षी निघून गेलेला असतो.

फ्लॅश कॅमेऱ्यावरच बसवला तर डोळे पांढरे येतात. उपाय?

झोत लेन्सच्या अगदी जवळून निघाला की डोळ्याच्या पडद्यावरून सरळ परत येतो, आणि काळोख असेल तेवढी बाहुली मोठी. ब्रॅकेट लावून फ्लॅश लेन्सपासून वर किंवा बाजूला न्या. पाच मीटरवर वीतभर अंतरानेही फरक पडतो, लांबच्या पक्ष्याला जास्त लागतं. कॅमेऱ्यातल्या उघडणाऱ्या छोट्या फ्लॅशची अडचण वेगळी: लांब लेन्सची सावलीच फोटोत पडते.

पक्षी पांढराफटक आणि मागचं सगळं निळं येतं.

संधिप्रकाश निळसर, फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा. फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जेलचा हलका तुकडा लावा, अर्धा किंवा पाव सीटीओ म्हणून मिळतो. पक्षी उबदार होतो, समुद्र निळाच राहतो आणि फोटोतला फ्लॅश अंगावर येत नाही. माझ्या मते या तंत्रातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित सुधार हाच आहे.

सराव कुठे करू?

आधी कबुतरांवर करा. ती सगळीकडे आहेत, जवळ येतात आणि त्यांचा मोह नसल्यामुळे फोटो बिघडला तरी वाईट वाटत नाही. घरट्यावर बसलेली मात्र सोडा.

मग नोव्हेंबर ते मार्च बोटीवरचे कुरव. तपकिरी डोक्याचे कुरव तिबेट-लडाखच्या पठारावरून आणि मध्य आशियातून इकडे हिवाळा काढायला येतात. संध्याकाळची परतीची फेरी धरा. लेन्स कठड्यावर टेकवू नका, इंजिनाची थरथर सगळी फोटोत उतरते. हातातच धरा आणि गुडघे सैल ठेवा. शेजारच्यांना फ्लॅश उडणार असल्याचं आधी सांगा. लहान मुलं झोपलेली असतात. नौदलाच्या जहाजांकडे आणि गोदीकडे कॅमेरा वळवू नका. शेव आणि वेफर टाकून पक्षी जवळ बोलावणारे प्रवासी बोटीवर हमखास असतात. तुम्ही त्यांत भर घालू नका, ते खाणं या पक्ष्यांचं नव्हे.

भिगवणलाही कुरव नावेच्या जवळ येतात आणि उजनीचं पाणी पहाटे छान गडद मिळतं. पण नाव लहान असते, हलते, आणि १/१५ ला तिचं हलणंच जास्त उमटतं. तिथे १/६० च्या खाली जाऊ नये.

पक्ष्यांना फ्लॅशचा त्रास होतो का?

दिवसाउजेडी, मोकळ्या उडणाऱ्या पक्ष्यावर अधूनमधून पडलेला झोत बहुधा दुर्लक्षिला जातो. पक्षी वाट बदलतोय, दचकतोय असं दिसलं की थांबायचं. याला पर्याय नाही.

घुबड, पिंगळा, रातवा यांच्यावर हे तंत्र वापरू नये. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना झोतानंतर काही काळ नीट दिसत नाही, आणि त्याच वेळी पक्ष्याला फांद्यांमधून उडायचं किंवा भक्ष्य पकडायचं असतं. कोणी म्हणेल की इंग्रज छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांचे गाजलेले घुबडाचे फोटो फ्लॅशचेच आहेत. आहेत, पण तो विसाव्या शतकाच्या मध्याचा काळ होता. आज आयएसओ ६४०० ला जे मिळतं ते त्यांना मिळत नव्हतं. घरट्यावर तर कोणत्याही पक्ष्याच्या बाबतीत फ्लॅश नको.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंही येतं. त्यामुळे घरट्यावरचं छायाचित्रण केवळ शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही. अभयारण्यात शिरायला आणि छायाचित्रणाला परवानगी लागते. तिथे फ्लॅश चालतो का हे प्रवेशद्वारावरच विचारा आणि ‘नाही’ म्हणाले तर बॅगेतून काढूही नका.

मिररलेस कॅमेऱ्यावर फ्लॅशच पेटत नाही.

बहुधा शटर इलेक्ट्रॉनिक किंवा सायलेंटवर आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्या वेळी फ्लॅश बंद राहतो. मेकॅनिकलवर आणा. निकॉन झेड ९ ला मेकॅनिकल शटर नाहीच, पण सेन्सर इतका झपाट्याने वाचला जातो की १/२०० ला फ्लॅश चालतो. सोनी ए९ ३ मध्ये ग्लोबल शटर आहे (पूर्ण सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो), तिथे सिंक स्पीडची मर्यादाच उरत नाही. मंद शटरच्या या कामासाठी एवढ्या महाग कॅमेऱ्याची गरज नाही. जुना डीएसएलआर उत्तम चालतो.

मोबाइलवर?

नाही. त्यावरचा ‘फ्लॅश’ म्हणजे एलईडीचा दिवा. तो झटक्यात विझत नाही आणि दोन मीटरपलीकडे पोहोचतही नाही.

एकाच फोटोत पंखाच्या चार-पाच अवस्था कशा येतात?

ते फ्लॅशच्या मल्टी किंवा रिपीट मोडचं काम. एका एक्स्पोजरमध्ये फ्लॅश ठरावीक वेळा लुकलुकतो. अर्ध्या सेकंदाच्या शटरमध्ये १० हर्ट्झ म्हणजे पाच झोत. याला जवळजवळ काळी पार्श्वभूमी आणि ठरलेल्या वाटेने उडणारा पक्षी लागतो, नाहीतर पाच प्रतिमा एकमेकींवर चढून गिचमीड होते. अशा लुकलुकत्या फ्लॅशचं तंत्र १९३० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमधले हॅरल्ड एजर्टन यांनी पुढे आणलं. हमिंगबर्डच्या पंखांवर त्यांनी ते वापरून दाखवलं.

शेकडो फ्रेम काढल्यावर निवडायचं काय?

आधी डोळा बघा. तो धारदार नसेल तर फराटा कितीही देखणा असो, फोटो काढून टाका. मग पंखाचं टोक कुठे संपतं ते बघा. फ्रेमबाहेर गेलेला फराटा कापल्यासारखा दिसतो, म्हणून काढतानाच चारी बाजूंनी जागा सोडायची सवय लावा. तिसरी गोष्ट, धारदार पंख आणि धूसर पंख यांच्यात अंतर हवं. दोन्ही एकमेकांवर पडले की बघणाऱ्याला वाटतं फोकस चुकलाय. स्पर्धेला पाठवणार असाल तर मूळ रॉ फाइल जपून ठेवा. असा फोटो पाहिला की परीक्षकांना हमखास शंका येते की दोन फोटो जोडलेत, आणि ते पुरावा मागतात.